दोन इंच मागितले, एक इंच दिला

भाच्याची गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय, १.३ लिटर डिझेल, एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तो माझ्या अलाइनमेंटच्या दुकानात आला आणि गाडी पिटवर लावायच्या आधीच म्हणाला, "मामा, जरा खाली बसवायची हाय."

"किती?"

"दोन इंच तरी पाहिजेत की."

कारण विचारलं. दर आठवड्याला कोल्हापूरला जावं लागतं आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटात वळणावर गाडी तरंगल्यासारखी होते, हे त्याचं पहिलं कारण. दुसरं त्यानं सांगितलं नाही, पण मोबाईलमध्ये दाखवलेल्या फोटोत टायर आणि मडगार्डमध्ये बोटही शिरत नव्हतं. ही हौस मला कळते. विशीत मीही असले उद्योग केलेत, त्यामुळे त्याला उपदेश करायचा अधिकार मला नाही. तरी दोन्ही कारणं वेगवेगळी धरायला हवी होती. तरंगणं हा बिघाड असू शकतो, दिसणं ही पसंती. एकाच स्प्रिंगनं दोन्ही भागवायला निघालं की हिशोब चुकतो.

बेळगावात खानापूर रोडवरच्या एका मेस्त्रीनं त्याला आधीच उपाय सांगून ठेवला होता. प्रत्येक स्प्रिंगचं एक-दीड वेटोळं ग्राइंडरनं कापायचं, चारी चाकांचे मिळून बाराशे रुपये. "एनू आगंगिल्री सर, कट माडोणरी," म्हणजे काही होत नाही, कापून टाकू. हे वाक्य सीमाभागात मराठी-कन्नड दोन्ही भाषांत सारख्याच आत्मविश्वासानं बोललं जातं.

स्प्रिंगला हात लावायच्या आधी दोन गोष्टी मोजायच्या असं मी ठरवलं. ही गाडी आता कशी आहे आणि ती ज्या रस्त्यावरून रोज जाते तो रस्ता कसा आहे.

गाडीचं माप

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. पुढचं डावं ३७८ मि.मी., पुढचं उजवं ३७२. दहा वर्षं चालकाच्या बाजूची स्प्रिंग जास्त दमली होती. मागे दोन्ही बाजूंना ३८० च्या आसपास. कंपनीच्या कागदावर या मॉडेलचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतली मोकळी जागा, १७० मि.मी. आहे. सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीच्या, सगळ्यात खालच्या जागी आम्हाला १६७ मिळाला. चार माणसं बसवली तेव्हा १४९.

डिकी उघडली तर आत कास्टिंगचे तुकडे. उद्यमबागेत भाच्याचं छोटं मशिनिंगचं शेड आहे. फाउंड्रीतून माल आणायला टेम्पो मिळाला नाही की स्विफ्टच टेम्पो होते. म्हणजे मागे कधी कधी ऐंशी किलो लोखंड असतं, ही गोष्ट त्याला सांगावीशीच वाटली नव्हती. ते ऐंशी किलो घातले की मागची बाजू २४ मि.मी. बसते आणि नाक थोडं वर उठतं.

बोनेट उघडून पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या, माउंटिंगवर बोट ठेवलं आणि भाच्याला स्टेअरिंग फिरवायला लावलं. कटकट हाताला लागत होती. पुढचे दोन्ही शॉकअप तेलकट, मागचे कोरडे पण दाबल्यावर सावकाश उठण्याऐवजी झटकन वर येणारे. तवंदीच्या तरंगण्याचं निम्मं उत्तर इथंच मिळालं. स्प्रिंग गाडीचं वजन धरते, पण एकदा दबली की तिला झोके घेऊ न देण्याचं काम शॉकअपचं. ते गेले असतील तर गाडी कितीही खाली बसवा, ती खाली बसून झोके घेईल.

मग केबल टायची युक्ती केली. शॉकअपच्या रॉडवरचा रबरी पिशवीसारखा बूट वर सरकवून तिथं एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्टसर बांधायची. रॉड आत जाईल तशी टाय ढकलली जाते आणि सगळ्यात मोठा धक्का जिथवर पोचला तिथं थांबून राहते. महागडा सेन्सर लागत नाही, दोन रुपयांत काम होतं. गाडी उभी असताना रॉडवर बंप स्टॉपपर्यंत ४५ मि.मी. मोकळा प्रवास होता. बंप स्टॉप म्हणजे रॉडवरचा फोमसारखा ठोकळा. त्यानंतर तो ठोकळा दबत जातो आणि शेवटी आणखी दबत नाही. अनगोळहून मजगावमार्गे उद्यमबाग आणि परत, असं तीन दिवस नेहमीसारखं चालवून पाहिलं. टाय ७१ वर थांबली होती. रोजच्या रस्त्यावर गाडी ४५ चा मोकळा प्रवास संपवून ठोकळ्यात २६ मि.मी. घुसत होती.

इथं मी भाच्याला कागदावर एक वजाबाकी करून दाखवली. पंचेचाळीसातून पन्नास वजा. उत्तर उणे पाच. दोन इंच खाली घेतली तर गाडी नुसती उभी असतानाच ठोकळ्यावर टेकलेली असेल, आणि चालवताना स्प्रिंग नव्हे, तो फोमचा ठोकळाच स्प्रिंगचं काम करील. खाली घेतलेल्या गाड्या टणाटण उडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक म्हणतात स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंगला बोलायची संधीच मिळालेली नसते.

थोडं गणित सांगतो, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते. स्प्रिंगमध्ये साठणारी ताकद प्रवासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवास निम्मा केला तर तेवढाच धक्का झेलायला स्प्रिंग दुप्पट कडक करून भागत नाही, चौपट करावी लागते. चौपट कडक स्प्रिंगवर माझी अक्का, म्हणजे भाच्याची आई, बसणार नाही.

रस्त्याचं माप

आमच्याकडे स्पीडब्रेकरला हंप म्हणतात. रविवारी सकाळी वर्दळ नसताना दोन विटा, सुतळी आणि टेप घेऊन आम्ही मामा-भाचे त्याच्या गल्लीतला हंप मोजायला बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं महापालिकेची माणसं आली. एका आजोबांनी गटाराची तक्रारही सांगून घेतली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोल हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.४३ मीटर. असा हंप या अंतरापेक्षा रुंद असल्यानं गाडी मधोमध असताना चारही चाकं हंपवरच असतात, आणि पोटाखाली येणारा फुगवटा फक्त ४३ मि.मी. भरतो. नियमात बसणाऱ्या हंपवर दोन इंच खाली घेतलेली गाडीही आरामात जाते.

गल्लीतला हंप ९० सेंटीमीटर रुंद आणि ११८ मि.मी. उंच निघाला. अरुंद हंपवर पुढची चाकं पलीकडे सपाट रस्त्यावर उतरलेली असतात, मागची अलीकडे, आणि मधल्या पोटाखाली ११८ च्या ११८ उभे. म्हणजे उंचीपेक्षा अरुंदपणा जास्त घात करतो. दहा सेंटीमीटरचा हंप आणि बारा सेंटीमीटरचा हंप यांत फरक बोटभर दिसतो. पण एकाखाली ४३ मोजायचे आणि दुसऱ्याखाली ११८.

आता गाडीचे आकडे यासमोर ठेवले. आज चार माणसांसह १४९, म्हणजे ३१ ची मोकळीक. दोन इंच खाली घेतली तर रिकामी ११७. कडक स्प्रिंगमुळे माणसांनी थोडी कमी दबली असं धरलं तरी भरलेली १०३. हंप ११८. रोज दोन वेळा सबफ्रेम घासणार, आणि ब्रेक लावून नाक खाली गेलेलं असेल तर त्याहून जास्त. गाडी तिरकी काढली तर थोडी सोय होते, पण गल्लीत समोरून दूधवाला येत असताना रोज तिरकी कोण काढणार?

एक इंच, २५ मि.मी., खाली घेतली तर भरलेली १२८. दहाची मोकळीक. मनावर दडपण आणणारी, पण जमण्यासारखी. अशा रीतीनं आकडा आमच्या आवडीनिवडीतून न येता गल्लीतून आला.

पावसाळ्यातला रस्ता मी मोजला नाही, अंदाजानंच धरला. जांबोटी-कणकुंबीकडे, चोर्ल्याच्या रस्त्याला पाऊस सुरू झाला की खड्ड्यांची खोली लाल पाण्याखाली दिसतच नाही. भाचा वर्षातून तीन-चार वेळा त्या बाजूनं गोव्याला उतरतो. तिथं क्लिअरन्सइतकाच प्रवासही हवा, कारण खड्ड्यात चाक खाली लोंबतं आणि मग पलीकडच्या कडेवर आपटून वर येतं.

पर्याय

कापलेल्या स्प्रिंगबद्दल एक गैरसमज आहे की ती मऊ होते. उलट आहे. वेटोळी कमी झाली की तार कमी, आणि तेवढ्याच दाबाला कमी दबते. कामातली पाच वेटोळी असतील आणि एक कापलं तर ती सव्वापट कडक होते. गाडी खाली बसवायलाच बनवलेल्या तयार लोअरिंग स्प्रिंगचा कडकपणाही साधारण तेवढाच वाढवलेला असतो. मग कापायला हरकत काय? हरकत टोकाला आहे. कारखान्यात स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं बैठकीत बसेल असं वळवलेलं असतं, कापल्यावर तिथं तिरकं, धारदार टोक उरतं. शिवाय लांबी कमी झाल्यानं चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग बैठकीत सैल होते. चोर्ल्याच्या खड्ड्यात नेमकं तेच होणार, आणि चाक परत वर येताना स्प्रिंग जागेवर बसलीच नाही तर काय, ते सांगायला नको. गॅसच्या ज्योतीनं तापवून बसवणं त्याहून वाईट. स्प्रिंगचं पाणी उतरतं, महिन्याभरात आणखी बसते किंवा तुटते.

कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांच्या शॉकअपवर स्प्रिंग बसवलेला संच, भाच्याला मनापासून हवे होते. आट्यांनी उंची वरखाली करता येते, दिसतात झकास. त्याला मिळालेला भाव ८२ हजार. गाडीची किंमत साडेतीन लाख धरली तर हा खर्च मला पटला नाही, पण पैसा त्याचा. माझा खरा आक्षेप दुसरा होता. स्वस्तातल्या प्रकारात उंची कमी करायची म्हणजे स्प्रिंगची खालची बैठक आट्यांवरून खाली उतरवायची. शॉकअपची लांबी तीच राहते, त्यामुळे वरचा प्रवास तेवढाच कमी होतो आणि वजाबाकी पुन्हा तीच. लांबी आणि बैठक दोन्ही वेगवेगळी फिरवता येणारे कॉइलओव्हर असतात, ते त्या किमतीत मिळत नव्हते. वर आमची लाल माती. दोन पावसाळे आट्या न धुता ठेवल्या की पाना लावून फिरणाऱ्या गोष्टी फिरेनाशा होतात.

एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांचा, विषय त्यानं एकदा काढला, मी भाव विचारायला सांगितलं, तो विषय परत निघाला नाही.

उरली लोअरिंग स्प्रिंग. इथं एक बारकावा हुकला असता. ऑनलाइन स्वस्त दिसलेला सेट पेट्रोल स्विफ्टचा होता. डिझेल गाडी साधारण शंभर किलो जड आणि तो सगळा भार नाकावर. पेट्रोलची स्प्रिंग घातली असती तर पुढून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त बसली असती. डिझेलचाच सेट मागवला, १९ हजार.

कायद्याचंही बोलून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही असं आहे. दंडापेक्षा मला विम्याची काळजी होती. न कळवलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीला आयताच सापडतो. भाच्यानं विमा कंपनीला लेखी कळवलं, तेव्हाच मी पाना हातात घेतला.

काम

आधी फक्त नवे शॉकअप, स्ट्रट माउंटिंग आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, स्प्रिंग जुनीच. भाचा वैतागला, म्हणाला एकदाच उघडूया की. मला मात्र बघायचं होतं की तरंगण्यातलं किती शॉकअपचं होतं. तोच अनगोळ-उद्यमबाग रस्ता, तीच केबल टाय. ७१ वरून ५८. कोल्हापूरहून आल्यावर तवंदीबद्दल विचारलं तर म्हणाला, "मामा, आता तशी गरज नाय वाटत." दोन मिनिटांनी म्हणाला, "पण स्प्रिंग आल्यात तर घालूया." हौसेला कारण लागत नाही, आणि तिनं कारणाचं सोंग घेतलं नाही म्हणजे मला पुरतं.

स्प्रिंग घालण्याआधी उद्यमबागेत त्याच्या शेजारच्या शेडमध्ये दाबगेज असलेला प्रेस होता, तिथं जुनी आणि नवी दोन्ही दाबून पाहिल्या. २५ मि.मी. दाबायला जुनीला ५५ किलो, नवीला ६९. सव्वापट. गाडीच्या वजनाशी हिशोब केला तर पुढची बाजू आधी सेकंदाला सव्वा झोके घेणारी होती, आता १.४ च्या आसपास. घरच्या गाडीला दीडच्या आत ठेवावं असा माझा अंदाज. पुढे रेसच्या गाड्यांचा प्रांत लागतो.

बंप स्टॉप १२ मि.मी. छाटला. हे काम डोळे मिटून करू नये. ठोकळा छाटला म्हणजे मोकळा प्रवास वाढला असं वाटतं, पण शॉकअपच्या आत तेवढी जागा नसेल तर धातूवर धातू आपटतो आणि शॉकअप सहा महिन्यांत संपतो. म्हणून रॉड पूर्ण आत दाबून माप घेतलं. ठोकळा दबून दबून जिथं थांबेल त्याच्या पुढेही रॉडला जागा उरत होती, तेव्हाच सुरी चालवली.

मागची अडचण कास्टिंगची. सेटमधल्या मागच्या स्प्रिंगनं गाडी ३३ मि.मी. खाली गेली, ऐंशी किलो घातल्यावर तर टायर मडगार्डमध्येच. स्विफ्टच्या मागच्या बीमवर, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे स्प्रिंगखाली १० मि.मी.ची रबरी गादी घालणं सोपं गेलं. स्प्रिंग चाकापेक्षा पुढे, बीमच्या बिजागरीकडे असल्यानं दहाच्या गादीनं चाकापाशी तेरा उचललं. मागे एकूण २० खाली राहिली. भाच्याला ही तडजोड खुपली, कारण फोटोत मागचा गॅप किंचित जास्त दिसतो. मी म्हटलं, टेम्पोचं भाडं भरत जा, गादी काढतो. गादी राहिली.

स्प्रिंग बसायला पाचशे किलोमीटर दिले, त्या काळात पुढून आणखी तीन मि.मी. बसली आणि बरोबर २५ झाले. मग अलाइनमेंट. या घाईतच बरीच दुकानं चुकतात, नव्या स्प्रिंगवर त्याच दिवशी अलाइनमेंट करून पाठवतात आणि महिन्यात टायरची आतली कड खाल्ली जाते. गाडी खाली गेली की टाय रॉडचा (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली दिसतात तो कोन, सरकतो. तो परत जागेवर आणला. कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, थोडा आत झुकला, तो सोडून दिला.

स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते, ती दोन इंचवाल्यांना कुणी सांगत नाही. लोअर आर्म मुळात चाकाकडे किंचित खाली उतरती असते. गाडी खाली घेतली की ती आडवी होते, आणखी घेतली की उलटी चढती होते. गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू त्यामुळे गाडीपेक्षा वेगानं खाली जातो, आणि वजनाला कलंडवायला लांब तरफ मिळते. म्हणजे फार खाली घेतलेली गाडी दिसते चिकटलेली, पण तवंदीत जास्त झुकू शकते. आमची आर्म साधारण आडवी होऊन थांबली.

हेडलाइट भिंतीवर खूण करून नव्यानं लावले. शॉकअप, माउंटिंग आणि बुश मिळून साडेचौदा हजार, मजुरी साडेतीन. सगळं मिळून ३७ हजार. अलाइनमेंटचे पैसे अक्कानं द्यायचे म्हटले, मी घेतले नाहीत.

जूनमध्ये त्याच रस्त्यावर परत केबल टाय बांधली. ४९. छाटलेल्या ठोकळ्यामुळे मोकळा प्रवास ३२ उरलाय, म्हणजे ठोकळ्यात १७. आधी २६ घुसत होती. अक्काची तक्रार मात्र आहे, "आधीच गुडघे दुखतात, त्यात तुम्ही दोघांनी मिळून गाडी खड्ड्यात घातली." पंचवीस मिलिमीटर तिच्या गुडघ्याला कळतात, हे माझ्या गणितात नव्हतं.

चाकांचाही प्रश्न आता निघालाय. त्याला १६ इंची अलॉय हवेत. गाडीवर कंपनीचे १६५/८० आर १४ टायर आहेत (रुंदी मि.मी.त, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), बाहेरचा व्यास ६२० मि.मी. दुकानदार १९५/५० आर १६ देतोय. त्याचा व्यास ६०१, म्हणजे गाडी आपोआप आणखी नऊ मि.मी. खाली. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२१, क्लिअरन्स जागच्या जागी. मी ५५ म्हटलंय, तो अजून ५० चे फोटो बघतोय.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. गल्लीतल्या हंपवर कुणीतरी डांबराचा नवा थर टाकलाय. तो स्वतःच विटा आणि सुतळी घेऊन बसला होता. "मामा, १२५ भरला."

मी म्हटलं, "मग ५० चा टायर?"

"राहू दे."